तुम्ही विचारलंत म्हणून: रेस्क्यू बंद का?

आमच्या ड्रोन-शर्यतीच्या सरावाला येणारा जवळपास प्रत्येक नवा पायलट विचारतो, "ताई, जीपीएस रेस्क्यू बंद का करायला लावता? रिमोटची लिंक तुटली तर ड्रोन उपग्रहांच्या मदतीने आपोआप परत येईल की!" मुलांचे आईवडील तर रागानेच विचारतात, कारण पैसे त्यांचे असतात. तेव्हा एकदाच सविस्तर सांगते.

रेसचा ड्रोन ॲक्रो मोडमध्ये, म्हणजे पूर्णपणे पायलटच्या हाताने, जायरोच्या (वळण मोजणाऱ्या सेन्सरच्या) भरवशावर उडतो. गेट, म्हणजे शर्यतीच्या वाटेवरची चौकट, ओलांडायला त्याला उपग्रह लागत नाहीत, म्हणून खोटा उपग्रह-सिग्नल त्याला भरकटवू शकत नाही. रेस्क्यू चालू केलं की ही सुरक्षितता गेली. जीपीएसचा नेहमीचा नागरी सिग्नल (एल-१) जमिनीवर पोचतो तो अतिशय क्षीण, आणि तो खरा की बनावट हे ओळखायची खूण त्यात नसते. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाचे संशोधक टॉड हम्फ्रीज यांच्या चमूने अमेरिकेत व्हाइट सँड्स या लष्करी चाचणी-मैदानावर असाच बनावट सिग्नल सोडून एका छोट्या हेलिकॉप्टर-ड्रोनला जमिनीकडे झेपावायला लावलं होतं.

आता ती दुपार. पुण्याबाहेरचं मैदान, बाजूला उंच इमारती. एका मुलाच्या ड्रोनची लिंक शेवटच्या गेटपाशी तुटली. रेस्क्यू सुरू झालं, ड्रोन वर चढला, वळला आणि थेट बघ्यांकडे निघाला. ड्रोनवरून येणारा व्हिडिओ मात्र चालू होता. गॉगलमध्ये १४ उपग्रह दिसत होते, घराचा बाण (ड्रोनला परतायची जागा दाखवणारा) बघ्यांच्या दिशेला, आणि तो मुलगा डिसार्मचा, म्हणजे मोटर बंद करायचा स्विच पुन्हा पुन्हा पाडत ओरडत होता, "ऐकत नाहीये!" सतरंजीवर एक बाई लहान मुलीला भरवत बसल्या होत्या. लिंक परतली तेव्हा ड्रोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर कोसळला. एक प्रॉपेलर तुटून सतरंजीवर आला. मुलगी नंतर कितीतरी वेळ रडत होती.

रात्री ब्लॅकबॉक्स, म्हणजे ड्रोनमधली उड्डाणाची नोंद, उघडला. आर्म केल्यावर (मोटर सुरू केल्यावर) ड्रोन जमिनीवर स्वस्थ होता, जायरो शांत, तरी जीपीएसच्या मते तो सरकत होता. उपग्रहांची संख्या मात्र उत्तम. कुणी मुद्दाम केलं की इमारतींवर आदळून आलेला सिग्नल होता, यावर आमचा वाद आजही मिटलेला नाही. ड्रोनला त्याने काय फरक पडतो?

पूर्वी मीच सांगायचे, गॅलिलिओ-बायडू हे युरोपचे आणि चीनचे उपग्रहही पकडणारा रिसीव्हर लावा, निश्चिंत राहा. त्याने फसवणाऱ्याचं काम अवघड होतं, हे मी आजही मानते. गॅलिलिओच्या संदेशाला आता तो खरा असल्याची डिजिटल सहीही आहे. पण ती तपासणारा रिसीव्हर हवा, आणि खराच सिग्नल पकडून उशिराने पुन्हा सोडला तर सही खरीच ठरते.

म्हणून आमच्याकडे फेलसेफ, म्हणजे लिंक तुटल्यावर ड्रोनने काय करायचं ते, एकच, ड्रॉप: लिंक गेली, मोटर बंद, ड्रोन मैदानाभोवतीच्या जाळीच्या आत खाली. फ्रेम मोडते, मान्य. मोकळ्या पठारावर उडवायच्या माझ्या ड्रोनवर रेस्क्यू आहे, हेही लपवत नाही. तिथे खाली माणसं नसतात. जाळी नसलेल्या मैदानावर काय करायचं, यावर क्लबात भांडणं होतात. तिथे रेस घेऊच नये असं मी म्हणते, आणि बहुतेकांना ते पटत नाही.