सिल्व्हर नदीवरची थंडीतली सकाळ

फ्लोरिडातल्या ऑर्लॅंडो-टॅम्पाकडच्या ज्या मंडळींना मॅनेटी (पाण्यात राहणारे अवाढव्य, शांत सस्तन प्राणी) बघायच्या आहेत, त्यांनी जानेवारीत थंडीची लाट आली की पुढचीच सकाळ गाठावी. आम्ही तेच केलं. ओकालाजवळच्या सिल्व्हर स्प्रिंग्ज स्टेट पार्कात पोचलो तेव्हा बाहेर हुडहुडी भरत होती आणि नदीवर वाफ दाटली होती. इथल्या झऱ्यांचं पाणी बारा महिने साधारण 22 अंश सेल्सियस असतं. मॅनेटी दिसायला एवढी अवाढव्य, पण तिच्या अंगावरचा चरबीचा थर पातळ. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की ते तिला बाधतं, म्हणून हिवाळ्यात ती उबेला झऱ्यांकडे येते.

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती होडी, पार्कातच भाड्याने मिळते. नदी सुमारे आठ किलोमीटर वाहत जाऊन ओक्लावाहा नदीला मिळते. मुख्य झरा वरच्या टोकाला, त्यामुळे जाताना प्रवाह आपसूक नेतो आणि येताना तोच अंगावर येतो. हात दमायच्या आधीच मागे फिरा. नवख्यांनी पहिल्या दीड-दोन किलोमीटरपलीकडे जाऊच नये. पाहण्यासारखं तेवढ्यातही खूप आहे.

पाणी इतकं नितळ की तळाचं गवत लवताना दिसतं. पृष्ठभागावर एकापाठोपाठ गुळगुळीत गोल वर्तुळं उमटली, तर खालून मॅनेटी चालली आहे असं समजा. ती तिच्या शेपटीच्या फटकाऱ्याची खूण. आम्ही वल्ही मांडीवर घेऊन गप्प बसलो. थोड्या वेळाने मोठा श्वास सोडत एक वर आली. नाकपुड्या उघडल्या, पुन्हा घट्ट मिटल्या. पाठीवर शेवाळ, आणि त्यातून आडवे गेलेले पांढरे व्रण, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर. मोटरबोटीच्या पंख्याचे. फ्लोरिडात मॅनेटींच्या मृत्यूंमागे बोटींच्या धडका हे एक मोठं कारण आहे. ते व्रण पाहिल्यावर माझं कॅमेऱ्याकडे लक्षच राहिलं नाही.

म्हणून कळकळीने सांगते: तिचा पाठलाग करू नका, हात लावू नका, खायला-प्यायला काही देऊ नका. तिला त्रास देणं कायद्याने गुन्हा आहे. ती आपणहून जवळ आली तर वल्हं वर उचला आणि तिला जाऊ द्या.

पक्षी मुबलक. पंख पसरून ऊन खाणारा अ‍ॅनहिंगा आपल्याकडच्या तिरंदाज पक्ष्याचा सख्खा भाऊ शोभतो. ऊन वर आलं की ओंडक्यांवर कासवं आणि अ‍ॅलिगेटर (मगरीसारखे प्राणी) पसरतात. त्यांना लांबून वळसा घाला. इथे पोहायला बंदी आहे.

माकडं दिसली की आपल्या लोकांचा हात हमखास डब्याकडे जातो. तो आवरा. ही ऱ्हीसस माकडं, आपल्या उत्तर भारतातल्याच जातीची. 1930च्या दशकात एका बोटवाल्याने पर्यटकांसाठी ती बेटावर सोडली आणि ती पोहून पसरली. त्यांच्यातल्या काहींत माणसाला घातक ठरणारा हर्पीस बी विषाणू असतो. शिवाय ती पोहतात, उड्या मारतात, तेव्हा झुकलेल्या फांद्यांखाली कयाक थांबवू नका.

कपडे सुती नकोत. भिजले की वाळत नाहीत आणि वाऱ्यात गारठा चढतो. पातळ लोकरीचे थर घाला, सुका जोड गाडीत ठेवा. पोलराइज्ड गॉगल मात्र विसरू नका, त्याशिवाय पाण्यावरची चकाकी खालचं काही दिसू देत नाही. भारतातून आई-बाबा आलेले असतील आणि कयाक त्यांना जमणार नसेल, तर त्यांना पार्कातल्या काचेच्या तळाच्या बोटीत बसवा. मुख्य झऱ्यातून उसळणारं पाणी त्या काचेतून फार छान दिसतं.