तुम्ही विचारलंत म्हणून: कॅलेंडर पीपीटीमध्येच का करते?

डिसेंबरात मी घरच्या आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर पुढच्या वर्षाचं कॅलेंडर टाकते, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, की अगं फोनमध्ये कॅलेंडर आहे, ॲप आहेत, टेम्प्लेट फुकट मिळतात, मग तू पॉवरपॉइंटमध्ये का करत बसतेस, आणि करतेस तरी कसं? प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

आपल्याकडे कॅलेंडर नुसतं बघायला नसतं, त्यावर लिहायचं असतं. कुठल्याही मराठी घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर बघा, दूध एक लिटर जास्त घेतलं, सिलेंडर कधी लावला, मावशींचा खाडा, पेपरवाल्याचे पैसे दिले, ट्रेनचा पास कधी संपतो, सगळं त्या चौकोनांत पेनाने लिहिलेलं असतं आणि महिनाअखेरीला त्याच्यासमोर उभं राहून हिशोब होतो. फोनमधलं ॲप मीटिंगची आठवण छान करून देतं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण या महिन्यात खाडे किती झाले हे एका नजरेत दिसायला अख्खा महिना एका पानावर लागतो आणि त्या पानावर मला पाहिजे तिथे पाहिजे ते ठेवता आलं पाहिजे. पॉवरपॉइंट 1987 मध्ये आलं तेच मुळी ओव्हरहेड प्रोजेक्टरची पानं बनवायला, त्यामुळे ठरलेल्या मापाचं एक पान आणि त्यावर कुठेही सरकवता येणाऱ्या वस्तू हे त्याच्या रक्तातच आहे. आणि दुसरं म्हणजे ते ऑफिसात काम केलेल्या जवळजवळ प्रत्येकाला थोडंफार येतं. मी पाठवलेली फाइल माझी बहीण उघडून स्वतःला हवी तशी बदलू शकते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता कसं ते. बहुतेक लोक फोनवरच बघणार म्हणून मी स्लाइड उभी घेते. डिझाइनमध्ये स्लाइड साइझ, तिथे कस्टम, रुंदी 7.5 इंच आणि उंची 13.33, म्हणजे नेहमीचीच स्लाइड उभी केली. पण उभ्या पानावर सोमवार-मंगळवार असे सात रकाने पाडले की एकेक चौकोन इतका अरुंद होतो की त्यात संकष्टीसुद्धा एका ओळीत बसत नाही. इथे आपली जुनी मांडणी कामाला येते. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये कालनिर्णय सुरू केलं, ते आठवा, वार डाव्या बाजूला वरून खाली आणि तारखाही वरून खाली उतरत जातात. तसं केलं की वारांचा एक बारीक रकाना सोडून पाचच रकाने लागतात, चौकोन रुंद मिळतो आणि तारीख, तिथी, सण सगळं मावतं. हे मला कुठल्याच तयार टेम्प्लेटमध्ये मिळालं नाही.

2026 चं उदाहरण घ्या. फेब्रुवारी रविवारी सुरू होतो आणि शनिवारी संपतो, बरोबर चार रकाने, पाचवा अख्खा मोकळा, तिथे मी त्या महिन्याची बिलं लिहायला जागा ठेवते. मे शुक्रवारी सुरू होतो आणि ऑगस्ट शनिवारी, दोन्ही 31 चे, त्यामुळे शेवटच्या तारखा पाच रकान्यांत मावत नाहीत. तेव्हा सहावा रकाना पाडायचा नाही, मेची 31 तारीख रविवार आहे तर ती पहिल्या रकान्यात रविवारच्या रिकाम्या चौकोनात वर नेऊन ठेवायची, ऑगस्टची 30 आणि 31 पण तशीच. ही सगळी चौकट म्हणजे इन्सर्टमधून घेतलेलं पॉवरपॉइंटचं टेबल, आणि त्या टेबलमध्ये टॅब दाबला की कर्सर उजवीकडे पळतो आणि आपल्याला तर खाली जायचंय, म्हणून तारखा टाइप करताना खालच्या बाणाची की वापरा.

बारा महिन्यांवर सारखं दिसणारं जे काही आहे, रंग, वारांची पट्टी, वर बारा महिन्यांची नावं, ते स्लाइडवर ठेवायचंच नाही, व्ह्यूमध्ये स्लाइड मास्टर असतो त्यात ठेवायचं. एकदा तिथे बदललं की बाराही पानांवर बदलतं. महिन्यांच्या नावांना लिंक देता येते, म्हणजे नोव्हेंबरवर बोट ठेवलं की नोव्हेंबर उघडतं, पण त्यासाठी आधी बारा स्लाइड तयार पाहिजेत, मग मास्टरमध्ये येऊन लिंक द्यायची. आणि लिंक अक्षरांना देऊ नका, त्यामागच्या चौकोनाला द्या. अक्षरांना दिली की त्यांचा रंग बदलतो आणि खाली रेघ येते, पान घाणेरडं दिसतं.

माझा सगळ्यात आवडता भाग खाड्यांचा आहे. पॉवरपॉइंटच्या टेबलमध्ये मजकूर वाढला की ती ओळ आपोआप उंच होते आणि खालचं सगळं सरकतं, म्हणून टेबलमध्ये फक्त तारीख, तिथी आणि सण. हिशोबाच्या खुणा वेगळ्या. लाल ठिपका म्हणजे मावशींचा खाडा, निळा म्हणजे जास्तीचं दूध, केशरी म्हणजे सिलेंडर, हिरवी छोटी पट्टी म्हणजे पास संपतो तो दिवस. या खुणा मी स्लाइडच्या बाहेर जी राखाडी जागा असते तिथे ओळीने लावून ठेवते. कंट्रोल धरून ठिपका ओढला की मूळचा तिथेच राहतो आणि त्याची कॉपी पाहिजे त्या तारखेवर येऊन बसते, फोनवर असाल तर कॉपी-पेस्ट करायचं. पानाच्या बाहेरचं काहीच पीडीएफमध्ये येत नाही त्यामुळे पान स्वच्छ राहतं. महिना संपला की लाल ठिपके मोजायचे.

मग तिथ्या. हे काम दरवर्षी नव्यानेच करावं लागतं. तारीख-वाराची नुसती चौकट परत येते, 2026 ची चौकट 2015 सारखीच आहे आणि 2037 ला पुन्हा तीच येणार, पण सण तसे येत नाहीत. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. 2025 चा पाडवा 30 मार्चला होता, 2026 चा 19 मार्चला, म्हणजे अकरा दिवस आधी. आणि गणपती 2025 ला 27 ऑगस्टला होते ते 2026 ला 14 सप्टेंबरला, अठरा दिवस उशिरा, कारण मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणून गेल्या वर्षीची फाइल घेऊन सगळे सण अंदाजाने सरकवता येत नाहीत, पंचांग समोर ठेवून एकेक टाइप करावं लागतं. आपण मुंबईत राहतो तर संकष्टीचा चंद्रोदयही मुंबईचाच बघा, नागपुरात चंद्र आपल्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो, आणि ज्यांचा उपास असतो त्यांच्यासाठी ती वीस मिनिटं खूप असतात. माझ्या सासूबाई कॅलेंडर उघडतात ते आधी त्या वेळेसाठीच.

तिथीचा मुंबईत अजून एक उपयोग आहे जो मला फार मोलाचा वाटतो. मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते, आणि पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या दिवसांची यादी काढते. ती आली की जून ते सप्टेंबरच्या त्या तारखांखाली मी निळी पट्टी टाकते आणि फाइल पुन्हा ग्रुपवर पाठवते. त्या दिवशी भरतीच्या वेळेला जोराचा पाऊस असला तर पाणी समुद्रात जायला वाट राहत नाही आणि सखल भागात तुंबतं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण तारीख डोळ्यासमोर असली की माणूस डॉक्टरची अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशी घेतो. रविवारचे चौकोन मी मुद्दाम थोडे मोकळे ठेवते, लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात तो, त्या त्या आठवड्यात जाहीर होतो आणि तो ज्याचा त्याने आपल्या लाइनप्रमाणे लिहायचा.

फॉन्ट मी मुक्ता वापरते, सणांच्या नावांना बलू. दोन्ही फुकट आहेत, युनिकोड आहेत आणि दोन्ही आपल्या मुंबईच्या ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेत. जुने श्रीलिपीसारखे फॉन्ट नकोत, समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की अक्षरांच्या जागी भलतंच दिसतं. फाइल पाठवायची असेल तर ऑप्शन्समध्ये सेव्हखाली फॉन्ट एम्बेड करायचं टिक करा, म्हणजे फॉन्ट फाइलसोबतच जातो. पीडीएफ करताना सेव्ह ॲज किंवा एक्स्पोर्टमधूनच करा, प्रिंटमध्ये जाऊन प्रिंट टू पीडीएफ केलं की महिन्यांच्या लिंक मरतात. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक तिथी धूसर होते.

मी पीडीएफ आणि मूळ फाइल दोन्ही पाठवते. ज्यांना नुसतं बघायचंय ते पीडीएफ ठेवतात. शेजारच्या काकू पोळी-भाजीचे डबे देतात, त्यांनी मूळ फाइल घेतली, माझे ठिपके काढून टाकले आणि प्रत्येक डब्यासाठी एक रंग केला, एकादशीला कोणाला भगर लागते तेही चौकोनात लिहिलं. आता त्यांना प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं पान हवंय. त्यासाठी महिन्याची स्लाइड निवडून कंट्रोल डी करायचं आणि वर नाव बदलायचं, बाकी सगळं मास्टरमधून येतंच.