बर्फ नाही हो तो

"बर्फ काय सुरेख पडलाय!" माझं चित्र पाहून म्हणाल्या आजी, आणि पुढच्या चित्राकडे वळल्या. मी आपली हसून थँक्यू म्हणाले. आता रात्री डोळ्याला डोळा नाही.

बर्फ! म्युरिअल रुकायझर या अमेरिकन कवयित्रीची ती कविता वाचल्यापासून वेस्ट व्हर्जिनियातला हॉक्स नेस्टचा बोगदा डोक्यातून जात नाहीये. १९३०–३१. इथून तासाभरावर. वीज करायला नदीचं पाणी वळवायचं म्हणून डोंगर आरपार पोखरला, आत सिलिकाच सिलिका, फुप्फुसात जाऊन बसणारी पांढरी धूळ. ड्रिलिंग कोरडं, धूळ दाबायला पाणी नाही, तोंडाला मास्क नाही. आतले बहुतेक मजूर कृष्णवर्णीय, दक्षिणेतून पोटासाठी आलेले. पाळी संपवून धुळीने माखून बाहेर पडले की काळा कोण, गोरा कोण, ओळखू येत नसे. पुढे धाप लागून लागून मेले. एका अभ्यासाचा अंदाज ७६४.

ती धूळ मी रंगवली होती.

अनू म्हणते, लोकांना काय कळतंय. पण आजींचा जन्म याच डोंगरांत गेला. परकी मी. कविताही डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलेली. मला कुणी सांगितलं होतं यांचं दुःख रंगवायला?

कोळसा असता तर कुणालाही कळलं असतं. काळं फासलं की खाण, वेस्ट व्हर्जिनिया, दुःख, सगळं आलं. पांढऱ्याचं काय करायचं? टिटॅनियम व्हाइट या पांढऱ्या रंगात येलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, घातला, मग थोडा करडा. बर्फ गेला, पहाटेचं धुकं आलं. आणखीच सुंदर! मेलं काही केल्या कुरूप होईना.

रुकायझर १९३६ साली तिथे गेली ती नॅन्सी नॉमबर्गला घेऊन. ही लिहिणार, ती फोटो काढणार. १९३८ मध्ये कविता छापून आली, फोटोंशिवाय. आणि अलीकडे छायाचित्रकार रेमंड थॉम्पसन यांनी त्या मजुरांचे फोटो नव्याने रचून काढले, कारण जुन्या फोटोंत बोगदा दिसतो, माणसं जेमतेम. त्यांच्या धुळीला कुणी बर्फ म्हणालं नसेल. की म्हणालंही असेल? या विचाराने जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

खाली चिठ्ठी डकवावी का, 'ही धूळ आहे' म्हणून? म्हणजे कवितेवरून चित्र काढायचं आणि ते कळावं म्हणून पुन्हा शब्दच चिकटवायचे. सुधाताई पोट धरून हसतील.

शेवटी कोपऱ्यात 'हॉक्स नेस्ट, १९३०' एवढंच लिहिलं. ठाऊक असेल त्याला पुरे. बाकीच्यांनी खुशाल स्वेटर चढवावा.