त्या दिवसांची तक्रार कोणी करत नाही

उदास झालेला माणूस ओपीडीत स्वतःच्या पायानं येतो. उन्माद टोकाला गेला की चौघं धरून आणतात. सौम्य उन्माद मात्र आम्हा मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचतच नाही, कारण त्याचा त्रास कोणालाच वाटत नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत दोघा भावांची छोटी फौंड्री. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) धाकटा, पस्तिशीचा, बायको आणि थोरल्याच्या मध्ये मान खाली घालून बसलेला. महिनाभर कारखान्यात पाऊल नाही, दाढी वाढलेली, दहा-बारा तास अंथरुणात आणि तरी अंग जड. फाईलमध्ये आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी : नैराश्य, गोळी चालू.

"लई भारी लागू पडली हुती ती गोळी, मॅडम," थोरला म्हणाला. "आठवड्यात उठून कामाला लागला. आन् आता परत ह्ये."

आठवड्यात? नैराश्याच्या गोळीला नीट परिणाम दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात माणूस नुसता उठत नाही, धावायला लागतो, तेव्हा माझे कान टवकारतात.

"तेव्हा झोप किती होती?"

"तीन तास," धाकटा म्हणाला.

इथं बरेच जण 'निद्रानाश' लिहून मोकळे होतात. खरा प्रश्न पुढचा असतो : सकाळी अंग कसं असायचं? काळजीनं जागलेला माणूस सकाळी पिळून निघालेला असतो. हा तीन तास झोपून पाचला तालमीत आणि सातला भट्टीपाशी हजर! बायकोनं मोबाईल पुढे केला. पॅटर्न बनवणाऱ्याला रात्री २.४० ला मेसेज, ३.०५ ला, ३.२० ला, नव्या कास्टिंगची हातानं काढलेली चित्रं, त्यावर अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज. शिवाय जुन्या सीएनसी मशीनला न विचारता टोकन, पेठेतल्या फुटबॉल टीमला बूट आणि रविवारी पन्नास माणसांना तांबडा-पांढरा.

"दिलदार हाय त्यो पहिल्यापासनं," थोरला कौतुकानं म्हणाला. आमच्या गावात अशा माणसाला डॉक्टरकडे नेत नाहीत, त्याचा फ्लेक्स लावतात.

हे सगळं गोळीमुळेच झालं असेल, तर निदान करताना जपून राहावं लागतं. म्हणून गोळीच्या आधीचं विचारलं. तो म्हणाला, "मी कायम असाच निकामी." उदास मनाला चांगले दिवस आठवत नाहीत, म्हणून एकट्या पेशंटच्या सांगण्यावर हे निदान करू नये. बायकोला आठवलं : लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, एकही गोळी घेत नसताना, दोन आठवडे ह्यांचं असंच चाललं होतं. सौम्य उन्माद म्हणायला सलग चार दिवस पुरतात. इथं दोन आठवडे होते. बऱ्याच वेळानं थोरल्यानं एका चुलत्याचं सांगितलं, शेत विकून उधळलेलं आणि पुढं विहीर जवळ केलेली. 'कुटुंबात कोणाला मानसिक आजार?' या रकान्यात आधी ठळक 'नाही' लिहिलेलं होतं. आधीच्या डॉक्टरांवर राग नाही. पाच मिनिटांत पेशंट उरकायचा तर चुलता निघणार कधी?

दारू, गांजा नाही. थायरॉइड आणि किडनीचं क्रिएटिनिन ठीक. बायपोलर, प्रकार दोन : कधी नैराश्य, कधी सौम्य उन्माद. जुनी गोळी उतरवत नेली, मनाचे हे चढउतार आवरणारं लिथियम सुरू केलं. रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, पातळी ०.६ ते ०.८ च्या दरम्यान हवी. भट्टीशेजारी घाम जातो, तेव्हा पाणी भरपूर, मीठ अचानक तोडायचं नाही आणि अंग दुखलं म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर घ्यायची नाही, नाहीतर रक्तात लिथियम वाढतं. हे तिघांकडून वदवून घेतलं.

आता तो कामावर जातो. मध्यंतरी थोरल्याचा फोन : "मॅडम, गोळी जरा कमी करता? मोठी ऑर्डर हाय, थोडा आधीसारखा हुंदे." 'नाही' म्हणायला मला क्षण लागला नाही. बायको म्हणते, आहेत तेच बरे आहेत.

तो स्वतः म्हणाला, "मॅडम, ती ऑर्डर मी त्याच तीन तास झोपायच्या दिवसांत आणली. मग ती मी आणली का आजारानं?"

ऑर्डर तुमची, बुडालेलं टोकन आजाराचं, असं म्हणून मी वेळ मारून नेली. वाटणी इतकी सरळ नाही हे त्यालाही कळलं असणार, कारण तो नुसता हसला. पुढच्या महिन्यात लिथियमचा रिपोर्ट घेऊन येईल. थोरलाही येतो म्हणालाय, गोळीचं बोलायला.