पार्कातले दिवे आणि रात्रीचा ठप् ठप्

इकडे घर घेतलं तेव्हा समोर पार्क आहे याचंच केवढं कौतुक होतं! हिवाळ्यात समोरच्या बास्केटबॉल कोर्टवर चिटपाखरूही नसायचं. उन्हाळा लागला आणि रात्री साडेदहाला बेडरूमच्या भिंतीवर खिडकीच्या चौकटीची सावली पडायला लागली. दिवा न लावता घड्याळ दिसावं इतका लख्ख उजेड. जोडीला बॉलचा ठप्, ठप्. तो मध्येच थांबला की झोप जास्तच उडायची, कारण कान पुढच्या ठप्ची वाट बघत बसायचे.

आई फोनवर म्हणाली, "अरे, जाड पडदे लाव की." लावले. उजेड थांबला, आवाज कुठला थांबतोय!

शेवटी तक्रार केली. पालिकेचे एक गृहस्थ रात्री दहाला उजेड मोजायचा लक्समीटर घेऊन घरी आले. मी एकच धोशा लावला होता, दिव्यांची वॅट कमी करा. त्यांनी मला खिडकीशी उभं केलं आणि विचारलं, "इथून दिव्याचं तोंड दिसतंय का?" दिसत होतं, थेट डोळ्यांत. उजेड लांबवर जावा म्हणून कुणीतरी दिवे वर कलते बसवले होते. पुढच्या आठवड्यात ते सरळ खाली वळवले, वर झापड बसवली. कोर्टवर उजेड तेवढाच राहिला, पण माझी भिंत काळी झाली. ५००० केल्विनचे पांढरेफटक एलईडी काढून ३००० चे पिवळसर लावले (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर). पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त असतो. तो हवेत जास्त पसरतो आणि झोप आणणारं मेलाटोनिनही तोच जास्त दाबतो.

आवाजाला मात्र झापड बसवता येत नाही. शेजाऱ्यांनी झाडांची रांग सुचवली, पण एका रांगेने आवाज फारसा अडत नाही. भक्कम भिंत अडवते, पण दुसऱ्या मजल्यावरून मला भिंतीपलीकडचं कोर्ट दिसणारच, म्हणजे आवाजही थेट येणार. त्यात रात्री जमीन गार होते, वरची हवा त्या मानाने उबदार राहते आणि वर गेलेला आवाज वाकून परत खाली येतो. युरोपसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये रात्री घराबाहेर ४० डेसिबलची मर्यादा सुचवली. पण ती सरासरी आहे, तीही वर्षभराच्या रात्रींची. ठप् सरासरीत बुडून जातो, कानात नाही.

म्हणजे हातात उरली ती वेळ. बैठकीत खेळणारी पोरंही आली होती. एक जण म्हणाला, "मी आठला कामावरून सुटतो, मग खेळू कधी?" मी घरून पाठ करून नेलेलं भाषण तिथेच गिळलं. दहाला दिवे बंद, असं ठरलं. पहिल्याच रात्री बरोब्बर दहाला खटकन सगळं विझलं आणि जो आरडाओरडा झाला तो खेळापेक्षा मोठा! बॅगा सापडेनात, एक जण बाकावर धडपडला. आता पावणेदहालाच अर्धे दिवे मंद होतात, पोरं आपणहून आवरायला लागतात. पायवाटेवरचे बुटके दिवे रात्रभर चालू असतात, ते कुणालाच नडत नाहीत.

शनिवारी एक पठ्ठ्या तरीही मोबाइलचा टॉर्च खांबाशी टेकवून एकटाच खेळत असतो. त्याची तक्रार मी अजून केलेली नाही.