उलटं झालं की इंजिन अडखळायचं

माझ्या कसरतीच्या विमानाला सरळ उड्डाणात काहीच त्रास नाही. लूप, रोल सगळं मस्त. पण विमान उलटं धरलं की थोड्याच वेळात इंधनदाबाचा काटा थरथरायचा आणि इंजिन खोकायला लागायचं. जमिनीवर आणलं की शहाण्यासारखं चालायचं.

वर्कशॉपने बघितल्या बघितल्या निकाल दिला: फ्युएल सर्वो, म्हणजे इंजिनाला इंधन मोजून देणारा भाग. मी म्हणत होतो, आयडल मिक्श्चर (इंजिन मंद चालताना इंधन-हवेचं प्रमाण) तपासलंय. मिक्श्चरचा दांडा हळूहळू पूर्ण मागे ओढून इंधन तोडताना आरपीएम २५ ते ५० ने वाढून मगच इंजिन बंद होतंय, म्हणजे तिथे सगळं ठीक आहे. शिवाय सर्वोचा दोष फक्त उलट्यातच कसा दिसेल? पण ऐकतो कोण! सर्वो काढून ओव्हरहॉलला गेला आणि मी बसलो वाट बघत. फोन केला की एकच उत्तर, ‘लाइनीत आहे.’ उडायला उत्तम असे दिवस हँगरच्या दारात उभं राहून घालवले. शेवटी सर्वो आला, सोबत कागद: दोष आढळला नाही. बसवला, वर गेलो, उलटा झालो. पुन्हा तेच.

तरी वर्कशॉपचं पालुपद चालूच, ‘गळती असती तर डाग दिसला असता.’ विमानाचं १००एलएल पेट्रोल निळं असतं, गळलं की निळा डाग पडतो, हे खरं. पण पंपाच्या आधीच्या भागात पंप इंधन ओढत असतो. तिथे फट असेल तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. भोक पडलेल्या स्ट्रॉसारखं. डाग कुठून दिसणार? इलेक्ट्रिक पंप लावूनही फरक पडत नव्हता, कारण माझ्या विमानात तोही टाकीतून त्याच नळीने ओढतो. इंजिनाचा पंप कमजोर असता तर इलेक्ट्रिक पंपाने सावरलं असतं.

खरा धागा माझ्या वहीत सापडला. दर वेळी टाकीत किती इंधन होतं ते मी लिहून ठेवायचो (तुम्हीही लिहा). भरल्या टाकीत त्रास शून्य, निम्म्याखाली आलं की हमखास.

मग टाकीतली फ्लॉप ट्यूब बाहेर काढायला लावली. टोकाला वजन असलेली ही लवचीक नळी इंधन जिथे जाईल तिथे लोंबते. जुनी होऊन ती ताठ झाली होती आणि वर वाकवली की फिटिंगजवळ बारीक चीर उघडायची. सरळ असताना ती जागा तळाशी, इंधनात बुडलेली. उलटं झाल्यावर टाकी निम्मी असेल तर तीच जागा हवेत. नळी बदलली, काटा स्थिर. सर्वोचं बिल मात्र भरावंच लागलं.

हो, टाकीचा व्हेंट (हवा आत यायचं भोक) सगळ्यात आधी बघा, किडे घर करतात. आणि नळी बदलल्यावर सर्वोच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवा. माझ्या जाळीत रबराचे काळे कण निघाले.