काडेपेटीतली माती

आठवीत भूगोलाच्या सरांनी एकदा सांगितलं, "उद्या येताना आपापल्या रानातली माती आणा. काडेपेटीत मावेल एवढीच." ज्यांना रान नव्हतं त्यांनी शेजाऱ्याच्या परड्यातली आणली, एकानं तर सरळ कृष्णाकाठची वाळू. सरांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, सगळ्या पेट्या उघडून मांडल्या आणि म्हणाले, "लावा आता. सारखी-सारखी एकीकडे."

पाच मिनिटांत भांडणं सुरू. आम्ही शेतकऱ्यांची पोरं भारी, मध्यम, हलकी, मुरमाड, मळीची असे ढीग करत होतो. पेठेतली पोरं रंग बघून लावत होती. माझ्या बाकावरच्यानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि ती पेटी 'खारट' म्हणून बाजूला काढली. सर कुणालाच चूक म्हणाले नाहीत. तास संपताना मात्र फळ्यावर काळी म्हणजे रेगूर, जांभी, गाळाची अशी नावं लिहिली आणि म्हणाले, "परीक्षेत एवढंच लिहायचं."

मी सहामाहीला 'चोपण' लिहिलं. एक मार्क गेला. त्याचा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. कालव्याचं पाणी आल्यावर आमची खालची दोन एकरं चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी, नापीक झाली होती आणि घरात दुसरा विषय नव्हता. जो शब्द रोज जेवताना ऐकायचा, तो उत्तरपत्रिकेत चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे कृषीची पदवी घेतली आणि सगळी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काढली. तिथे चोपण पुन्हा भेटली, या वेळी आकड्यांत. सामू, म्हणजे पीएच, ८.५ च्या वर; विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, १५ टक्क्यांच्या वर. क्षारयुक्त जमीन वेगळी: तिची विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर, सामू बेताचा. आमचे आजोबा यंत्राशिवाय तेच सांगायचे. वर पांढरं फुटलं तर खारवट. भिजल्यावर साबणासारखी बुळबुळीत आणि वाळल्यावर दगड, तर चोपण. दोन्ही नावं वेगळी ठेवायचं कारणही साधं. खारवट जमिनीला चर काढून गोड्या पाण्यानं मीठ धुऊन काढावं लागतं. चोपणीत पाणी खाली उतरतच नाही, तिथे आधी जिप्सम घालावं लागतं. औषध वेगळं म्हणून नाव वेगळं.

प्रशिक्षणाला नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोत गेलो तेव्हा आणखी एक धक्का बसला. अमेरिकेनं १९७५ साली छापलेल्या मृदा वर्गीकरणात आपली काळी माती 'व्हर्टिसोल' या गटात बसते, पण काळी आहे म्हणून नव्हे. रंगाला तिथे मतच नाही. चिकणमाती ३० टक्के किंवा जास्त आहे का आणि जमिनीला भेगा पडतात का, हे बघतात. लॅटिनमध्ये 'व्हर्टेरे' म्हणजे उलटणं. उन्हाळ्यात वरची माती भेगांत पडते, पावसात खालची फुगून वर ढकलली जाते, जमीन स्वतःच स्वतःला उलटत राहते. आजोबांचा विळा एका उन्हाळ्यात भेगेत गेला तो परत मिळाला नाही. तो कुठे गेला असेल हे मला नागपुरात समजलं. जांभ्याची गंमत याहून वेगळी. त्याला 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये दिलं, लॅटिन 'लेटर' म्हणजे विटेवरून, कारण मलबारात लोक त्याचे चिरे कापून घरं बांधत होते. म्हणजे शास्त्राच्या दप्तरातलं हे नाव आलं गवंडीकामातून.

हे सगळं एकदम आठवलं ते शाळेच्या नव्या सभागृहाच्या जागेवर. माजी विद्यार्थ्यांची समिती जागा बघायला गेली होती. बाकावरचा तो माती चाखणारा आता बांधकाम अभियंता. दुसरा वर्गमित्र तलाठी म्हणून लागला, मंडल अधिकारी होऊन निवृत्त झाला. आणि मी.

मी मूठभर माती उचलून म्हटलं, "काय जमीन आहे रे! शाळू नुसता ओलीवर येईल."

"ही? चार फूट खरवडून काढावी लागणार," अभियंता म्हणाला. "जुन्या इमारतीच्या भिंती कशानं तडकल्या वाटतं तुला? फुगते ही."

मग आमची जुंपली ती एका खड्यावरून. तीन मिलिमीटरचा असेल. त्याच्या पुस्तकात ४.७५ मिलिमीटरपर्यंत सगळी वाळूच. आमच्या प्रयोगशाळेत माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात आणि वर राहील ते फेकून देतात. आमच्या लेखी तो खडा मातीच नव्हे. तीस वर्षं मी जे फेकत आलो त्यावर हा घरं बांधत आला होता.

मंडल अधिकारी सातबारा वाचत होता. "ओढ्याकडचे चार गुंठे पोटखराब आहेत," तो म्हणाला, म्हणजे लागवडीलायक नाहीत. तिथे पूर्वी खळं होतं. म्हणजे ज्या जागेवरून वर्षाचं धान्य घरी जायचं, ती कागदावर खराब. महसुलाला पीक कुठे उगवतं एवढंच हवं असतं, मळणीशी त्याला देणंघेणं नाही.

काम सुरू झालं. अंदाजपत्रकात त्या चार फुटांच्या काळ्या मातीपुढे 'टाकाऊ' असा शेरा होता. दोन दिवसांत आसपासच्या शेतकऱ्यांनी ट्रॉल्या लावून ती सगळी नेली, शेवटची ट्रॉली कुणाची यावरून तंटाही झाला. खड्डा भरायला मुरूम हवा होता. माळावरच्या एका माजी विद्यार्थ्यानं आपल्या हलक्या, कुसळं उगवणाऱ्या रानातला द्यायचं कबूल केलं. पहिली ट्रॉली भरताना आमचा मंडल अधिकारी तिथे उभाच होता.

"जमिनीत होता तोवर ठीक," तो म्हणाला, "ट्रॉलीत चढला की गौण खनिज. रॉयल्टी भरली का?"

भरली नव्हती. ट्रॉली तिथेच उभी करून आम्ही तिघं तहसिलीत गेलो.